नात्याचा दाखला

छापा पोलीस घालतात, गुन्हा पोलीस नोंदवतात, आदेश बाल कल्याण समिती देते. माझे काम त्यानंतर सुरू होते. सोडवलेल्या मुलीला न्यायला जो कुणी आला आहे तो खरोखर तिचा कोण, आणि खराच कोणी असला तरी त्याच्या घरी तिला पाठवावे का, एवढे शोधून लिहून द्यायचे. कागदोपत्री याला गृहचौकशी म्हणतात. बेलापूरपासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात मी हे काम करते, पण पाय बहुतेक वेळ या पट्ट्याबाहेरच असतात: यवतमाळच्या एखाद्या तांड्यावर, कर्नाटकच्या सीमेवरच्या खेड्यात, कधी पार बंगालमध्ये.

या कामाने माझी एक समजूत पक्की केली. मुलांचा व्यापार आपल्याकडे नातेवाईकाच्या वेषात चालतो. कुंटणखान्यात मावशी असते, बंद फ्लॅटमध्ये मामा, लॉजवर नवरा, आणि भट्टीवर कधी कधी सख्खा बाप. कायदा कडक करा अशी मागणी उठते तेव्हा सगळ्यांचे लक्ष शिक्षेच्या वर्षांकडे जाते. मला मात्र समितीच्या दाराबाहेर बाकावर फाईल घेऊन बसलेली माणसे दिसतात.

छाप्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी येतेच. प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये आधारकार्डाच्या रंगीत झेरॉक्स, सरपंचाचा शिक्का मारलेला दाखला, आणि कुठल्याशा लग्नातला फोटो, ज्यात ही बाई आणि ती मुलगी एका रांगेत उभ्या आहेत. ‘मी हिची मावशी. आई आजारी आहे, तिनंच मला पाठवलंय. पोरगी ताब्यात द्या, आम्ही गावी घेऊन जातो.’ आवाजात काळजी असते, डोळ्यांत पाणीही असते. पाण्यावरून काही ठरवायचे नाही, हे मी फार आधी शिकले.

दोघींना समोरासमोर कधी बसवायचे नाही, हा पहिला नियम. बाईला विचारायचे: घरापासून शाळा किती लांब? स्वयंपाक चुलीवर की गॅसवर? धाकट्याला घरात काय म्हणून हाक मारतात? पोरीला लहानपणी कशाची भीती वाटायची? मग तेच आडवळणाने मुलीला. गंमत अशी की खरी मावशी गोंधळते. वय चुकवते, इयत्ता चुकवते, मध्येच भावजयीचे गाऱ्हाणे सुरू करते. घोकून आलेली बाई जन्मतारीख सांगते. त्यानंतर गावी फोन. सरपंचाला मी शेवटी करते, आधी अंगणवाडी सेविकेला. कुठल्या घरात किती पोरे आणि त्यातले कोण कधीपासून दिसत नाही, हे सेविकेच्या नोंदवहीत नसले तरी डोक्यात असते.

आणि मुलगी काय म्हणते? बहुतेकदा म्हणते, ‘हो, मावशीच आहे.’ नवख्या कार्यकर्त्यांना वाटते की ती भीतीने खोटे बोलते. भीती असतेच, पण तेवढेच नसते. त्या बाईने तिला तापात औषध दिलेले असते, नवा ड्रेस घेतलेला असतो, पहिल्यांदा मोबाईल हातात दिलेला असतो. घर सोडल्यापासून तिच्याशी नीट बोललेले ते एकमेव मोठे माणूस असते. ती विकणारीही तीच असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने या दोन गोष्टी वेगळ्या करून आम्हाला सांगाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून तिच्या ‘हो’वर फाईल बंद करता येत नाही.

वयाच्या बाबतीत कायद्याने हे सगळे ओळखले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे ९४ वे कलम वय ठरवायच्या पायऱ्या घालून देते. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला. तो नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि तीही १५ दिवसांत. वरची पायरी हाताशी असताना खालच्या पायरीवर उतरायचे नाही. आधारकार्ड या पायऱ्यांत कुठेच नाही, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही आधारवरच्या जन्मतारखेपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. हे का महत्त्वाचे, ते लॉजवरच्या छाप्यानंतर कळते. तिथे सापडलेल्या मुलीच्या आधारवर वय नेमके १९ असते आणि कार्ड नुकतेच काढलेले असते. अशा एका मुलीच्या गावच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून प्रवेश निर्गम उतारा पाठवला. तिचे पंधरावे अजून पुरे व्हायचे होते. त्या उताऱ्याने प्रकरणाचे रूपच पालटले: मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागला, भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखाली अल्पवयीन मुलीच्या व्यापाराची किमान १० वर्षांची शिक्षा समोर आली, आणि तिच्या वतीने ‘मी राजीखुशीने इथे आले’ म्हणणाऱ्या वकिलाचा मुद्दाच संपला.

वयासाठी ज्या पायऱ्या आहेत, त्या नात्यासाठी मात्र नाहीत. मुलगी कुणाच्या हाती द्यायची ती व्यक्ती योग्य आहे अशी समितीची खात्री पटली पाहिजे, असे कायदा सांगतो. खात्री कशावरून पटवायची, कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, फोटो पुरावा धरायचा की नाही, हे समितीत बसलेल्या माणसांच्या अनुभवावर सोडलेले आहे. अनुभवी समिती असली की मुलगी वाचते. नवी समिती असली, त्या दिवशी यादीत पन्नास मुले असली, की शिक्का मारलेला दाखला चालून जातो.

महाराष्ट्रात या प्रश्नावर खल झाला नाही असे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात मोठी कारवाई झाली आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या बऱ्याच होत्या. सोडवणे एका रात्रीत झाले, पुढे काय करायचे याची तयारी मात्र शासनाची नव्हती. मग २००२ साली सांताक्रूझच्या एका छाप्यावरून ‘प्रेरणा’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी काम करणारी ही संस्था. त्या ऑक्टोबरमध्ये आलेला निकाल मी अजूनही नव्या सहकाऱ्यांना आधी वाचायला देते. अठरा वर्षांखालील मुलीबाबत साध्या दंडाधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा नाही, ती बाल कल्याण समितीकडेच गेली पाहिजे. परिविक्षा अधिकाऱ्याची चौकशी पुरी झाल्याशिवाय तिला सोडायचे नाही. सोडायचे तर फक्त आईवडील किंवा पालकाकडे, आणि तेही समितीने त्यांना योग्य ठरवल्यावर. वाचकाला चमत्कारिक वाटेल असे कलम त्यापुढचे: दलाल किंवा कुंटणखान्याच्या मालकिणीच्या वकिलाने त्याच प्रकरणात मुलीच्या वतीने उभे राहायचे नाही. हे लिहावे लागले, कारण असे होत होते. एकच वकील सकाळी मालकिणीचा जामीन मागायचा आणि दुपारी मुलींची ‘सुटका’.

तो निकाल आमच्या कामाचा पाया आहे. पण निकाल आणि नियम यांत फरक असतो. निकाल माहीत असणाऱ्याला तो लागू करून घ्यावा लागतो, नियम समोरच्या फॉर्ममध्येच छापलेला असतो.

नवी मुंबईची अडचण आणखी वेगळी. पोलीस आयुक्तालय एक आणि जिल्हे दोन. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात, आणि लोकलने दोघांत एका स्टेशनाचे अंतर. एकदा एकाच टोळीच्या दोन फ्लॅटांवर एकाच रात्री कारवाई झाली. बेलापूरची मुलगी ठाण्याच्या समितीपुढे गेली, खारघरची रायगडच्या. आठवड्याच्या आत दोन्हीकडे एकच बाई आली. ठाण्यात ती मावशी होती आणि रायगडात काकू. दोन्ही समित्यांनी आपापल्या ठिकाणी योग्य तीच पावले टाकली होती, फक्त एकीचे रजिस्टर दुसरीला दिसत नव्हते. दोन्हीकडचे काम योगायोगाने माझ्याच हाती होते म्हणून बाई ओळखू आली. दावा करायला आलेल्या माणसाचे नाव, फोटो आणि बोटाचा ठसा राज्यभर एका ठिकाणी नोंदला जावा, एवढी साधी गोष्ट करायला संसदेची गरज नाही.

आता फ्लॅटकडे वळते. खारघर, वाशी, नेरूळच्या टॉवरमध्ये दार उघडते ती कधी कधी बारा-तेरा वर्षांची मुलगी. मालकीण बाहेर येते. ‘आमच्या मुलीसारखीच आहे हो ती. नात्यातलीच आहे, शिकायला आणलीय.’ ही मुलगी ना बाल्कनीत दिसते, ना सोसायटीच्या गणपतीत. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पण २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात कुटुंबाला मदत करण्याची सवलत ठेवली, आणि तिथे कुटुंबाच्या व्याख्येत आईवडील, भावंडांबरोबर आईवडिलांचे भाऊबहीणही आले. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या. शाळेची वेळ सोडून, अशी अट आहे. व्याख्येत शिरायला एक शब्द पुरतो आणि तो शब्द खरा आहे का, हे तपासणारा दुकान निरीक्षक उंबऱ्यापर्यंतच येतो. चौदा पूर्ण झालेल्या मुलीची तर गोष्टच निराळी, कारण धोकादायक उद्योगांच्या यादीत घरकाम नाही. सोळाव्या मजल्यावर चोवीस तास राबणारी पंधरा वर्षांची मुलगी बालकामगार कायद्याला दिसतच नाही.

तिच्यासाठी बाल न्याय अधिनियमाचे ७९ वे कलम आहे. मुलाला वेठीला धरणे, त्याची मजुरी दाबून ठेवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हे कलम अठरा वर्षांपर्यंत लागू पडते आणि ते आमचे हक्काचे कलम होते. २०२१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, ती सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, आणि तिने ८६ वे कलम बदलून तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र करून टाकले. मुलाच्या विक्रीचे ८१ वे कलमही त्यात गेले, आणि बालगृहातल्या कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेचे ७५ वेसुद्धा. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. एका पोलीस ठाण्यात मी पहिल्यांदा ऐकले, ‘मॅडम, हे एनसीत जातंय आता,’ तेव्हा वाटले साहेब टोलवताहेत. ते टोलवत नव्हते, त्यांनी वाचून सांगितले होते. जाणकार अधिकारी न्याय संहितेचे कलम जोडून वाट काढतात. पण तिथे धमकी, फसवणूक, आमिष यांपैकी काहीतरी सिद्ध करावे लागते, आणि गरीब आईने स्वतःहून पोर सोपवले असेल तर ते फार कठीण. दिल्लीच्या बालहक्क आयोगाने ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात नेली. कायदा कडक होत चालला आहे, असे भाषणात ऐकले की मला हे ८६ वे कलम आठवते, ज्यात एका ओळीने कडक कायदा मऊ झाला.

लॉजवरच्या नवऱ्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तिथे कायद्याचा शब्द स्पष्ट आहे. गळ्यात मंगळसूत्र, मोबाईलमध्ये देवळातल्या लग्नाचे फोटो, आणि ‘माझी बायको आहे, मला द्या.’ २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बालविवाह एरवी रद्द करून घ्यावा लागतो. पण १२ व्या कलमात म्हटले आहे की मुलीला पळवून, फसवून किंवा विकून लावलेले लग्न मुळातच शून्य. हे कलम दाखवले की नवरा सहसा पुन्हा फिरकत नाही.

अवघड आहे तो खरा बाप. पनवेल, कर्जत, खालापूर, पेण या तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर माणसे निघतात, त्याआधीच पावसाळ्यात उचल घेतलेली असते. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा. कधी कधी पूर्ण कुटुंब जात नाही, एक पोर जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली प्रकरणे राज्यभर गाजली: कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिलेली, बदल्यात एखादी मेंढी आणि थोडे पैसे. त्यातली एक लहान मुलगी मेली तेव्हा बाकीची शोधली गेली. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने संपली आहे. तहसीलदाराने मुक्ततेचा दाखला दिला की पुनर्वसनाचे पैसे मिळतात, मुलांसाठी ते ३ लाखांपर्यंत ठरलेले आहेत. तो दाखला मिळवणे हेच मोठे काम आहे.

अशाच एका बापाला मी भेटले, आमच्या पट्ट्यातल्या वाडीवर. आधारवर नाव बरोबर, रेशनकार्डावर मुलाचे नाव बरोबर, अंगणवाडी सेविका साक्षीला. नाते शंभर टक्के खरे. तो म्हणाला, ‘ताई, तिथं दोन टायमाला खात तरी होता. घरी काय देऊ त्याला?’ माझ्याकडे याचे उत्तर नव्हते, फॉर्म होता. नाते खरे आणि घर अयोग्य, हा शेरा लिहिताना हात जड होतो, कारण अयोग्य या रकान्यात गरिबीही येऊन बसते. शेवटी मुलगा घरीच गेला, आश्रमशाळेत नाव घालून आणि बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून. ही राज्याची योजना महिन्याला २,२५० रुपये देते. पैसे वेळेवर आले तर उचलीचा मोह कमी होतो. ते वेळेवर येतील का, हा तपास गृहचौकशीत मोडत नाही, पण मी करते.

काही मुलांना न्यायला कुणीच येत नाही, आणि मग त्यांचे सगळे नाते संस्थेशी असते. २०११ मध्ये कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले, ते उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीची माणसे तिथे गेली म्हणून. त्या मुलींना सांगता येत नव्हते आणि विचारणारे कोणी नव्हते. पोक्सो तेव्हा आला नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो आला, आणि अशा मुलांच्या जबाबाच्या वेळी विशेष शिक्षक किंवा दुभाषी द्यायची तरतूद त्यात झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये सीवूड्समधल्या एका विनानोंदणी निवाऱ्यातून चाळीसहून अधिक मुले हलवण्यात आली. नोंदणी नसलेली संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड, असे ४२ वे कलम म्हणते. पण इथेही मुले आत आणून सोडणारे बहुतेक आपलेच असतात आणि सोडताना त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचे, हे कुठेही ठरलेले नसते.

आपल्या विधिमंडळाकडे उत्साह नाही असे कुणी म्हणू नये. पनवेल-खालापूर पट्ट्यातल्या डान्स बारवरून २००५ साली बंदी आली, ती न्यायालयात पडली, पुन्हा आली, पुन्हा अडली, २०१६ चा स्वतंत्र कायदा झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच्याही बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. चौदा वर्षे एवढी बुद्धी आणि एवढे वकील लागले. त्यातला दहावा भाग मुलांच्या ताब्याच्या प्रक्रियेला मिळाला असता तर, असे मनात येते. डिसेंबर २०२१ मध्ये महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे ‘शक्ती’ विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. केंद्राचे मानवी व्यापारविरोधी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले. मोठे कायदे असे अडकतात. नियम मात्र राज्याच्या हातात आहेत. बाल न्याय अधिनियमाखाली महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले, ते बदलायला मंत्रालय पुरे.

हे नियम बदलायच्या एका चर्चेत सूचना मागवल्या तेव्हा मी एक पान लिहून दिले. नाते सिद्ध करायचा क्रम त्यात घातला: जन्मनोंद आणि शाळेच्या रजिस्टरमधले पालकाचे नाव आधी, मग रेशनकार्डाची मूळ नोंद, मग अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्तीचा प्रत्यक्ष जबाब, आणि तरीही शंका राहिली तर डीएनए. सरपंचाचा दाखला आणि फोटो एकट्याने कधीच पुरेसे नाहीत. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आक्षेप घेतला, ‘बाई, मग खरे आईबापच अडकतील. पारध्याकडे कुठला जन्मदाखला?’ आक्षेप रास्त होता. पालावरच्या आईकडे कागद नसतो आणि दलालाकडे सगळे कागद असतात, हेच तर दुखणे आहे. म्हणून मी दुसरे कलम जोडले: कागद जमवायची जबाबदारी आईवर नको, चौकशी करणाऱ्यावर हवी. तिने नाव आणि गाव सांगायचे, उरलेले आम्ही शोधायचे. ३६ वे कलम सामाजिक चौकशीला १५ दिवस आणि अंतिम आदेशाला चार महिने देते, त्या मुदतीत हे बसते. पण गावापर्यंत जायला माणूस आणि तिकिटाचे पैसे असले तरच.

म्हणून तिसरे कलम प्रवासखर्चाचे. आज परराज्यातली गृहचौकशी पत्राने होते. इथली समिती तिथल्या समितीला लिहिते, तिथून उत्तर यायला महिने जातात आणि मुलगी बालगृहात दिवस मोजते. घरी जायचेच आहे, मग कुणाहीबरोबर जाऊ, या निकराला येऊन ‘ती मावशी खरीच होती’ असे सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बांगलादेशाच्या मुलींचे तर त्याहून लांबते. दोन देशांत २०१५ मध्ये करार झाला असला तरी ओळख पटवायचा कागद दोन राजधान्यांतून फिरून येतो.

पान वाचून एका अधिकाऱ्यांनी विचारले, खर्चाची बाब नियमांत कशाला, ती तर शासन निर्णयाने देता येते. मी सांगितले की शासन निर्णयाने दिलेला खर्च मार्चअखेर संपतो आणि मुली एप्रिलमध्येही सापडतात. त्यांनी पानाच्या समासात काहीतरी लिहिले आणि ते फाईलला लावले. येत्या सोमवारी मी सोलापूरची गाडी पकडणार आहे. अक्कलकोटच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या शाळेचे रजिस्टर बघायचे आहे. इथे बाकावर एक मामा बसून आहे, आणि त्याच्याकडचे सगळे कागद बरोबर आहेत.